वीस वॅटचं ऊन

दसऱ्याला स्वतःच्या शेतातला झेंडू हवा असेल तर रोप श्रावणात जमिनीत गेलं पाहिजे, आणि त्यासाठी बी आषाढात पडलं पाहिजे. घाटावर यात विशेष काही नाही. आमच्या पालीत आषाढ म्हणजे सकाळी दहा वाजता माजघरात दिवा लावायचे दिवस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैतच कोसळून मोकळा होतो. बी रुजतं, झकास रुजतं. मग रोपं माना काढायला लागतात. पांढुरका लांब देठ, वर दोन फिकट पानं आणि सगळी मिळून अंगणाच्या दिशेने कललेली. थोड्याच दिवसांत देठ मातीलगत काळा पडून पिचतो आणि ट्रेचा अख्खा कोपरा आडवा होतो. मारते ती बुरशी, पण रोप तिच्या तावडीत सापडतं ते उजेडाअभावी लुळं पडल्यामुळे.

बाहेर ठेवायची सोय नाही. सर आली की ट्रेच्या कप्प्यातून बियाणासकट कोकोपीट उडून जातं. पारदर्शक पत्र्याचा मांडव घातला तर पहिल्या महिन्यातच पत्र्यावर शेवाळ चढून तो हिरवा होतो. म्हणून ट्रे पडवीत. पडवी कोरडी, वारा बेताचा, पण उजेडाच्या नावाने शंख. मोबाइलमध्ये लक्स मोजणारं ॲप मिळतं. एप्रिलच्या दुपारी अंगणात ते लाखाच्या घरात जातं, आषाढात ढग उतरले की त्याच अंगणात पाच-दहा हजारांवर येतं आणि पडवीत, भिंतीकडेच्या ट्रेवर, हजारही दाखवत नाही. आपल्या डोळ्याला मात्र पडवी उजेडाची वाटते. डोळा स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे या कामात त्याच्यावर विसंबून चालत नाही.

रोपवाटिका बायकोची. वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडू. भात कापून झाल्यावर मळे लावणारे लोक तिचं गिऱ्हाईक. माझं दुकान महामार्गाच्या कडेला, मुंबई-गोवा रस्त्यावरून आंबा घाटाकडे, कोल्हापूरला फाटा फुटतो त्या पालीच्या बाजारात. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, मग मोटर वाइंडिंग, मिक्सर, पंखे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत नऊ वॅटचा एलईडी बल्ब घराघरात गेला. सीएफएल गेला, पिवळा बल्ब गेला, चोकवाली ट्यूब गेली. त्यांच्याबरोबर माझं निम्मं काम गेलं. मग बाजारात बिनानावाचे स्वस्त एलईडी आले, ते वर्षभरात मरायला लागले, आणि काम परत आलं.

हे बल्ब उघडण्यातच या धंद्याचं खरं शिक्षण झालं. टोपी काढली की आत गोल ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर पिवळ्या ठिपक्यांसारख्या चिपा, खाली ड्रायव्हर. गेलेल्या चिपेवर बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग असतो. चिपा एकामागे एक सरीत जोडलेल्या, म्हणून एक गेली की सगळा बल्ब अंधारात. बरेच कारागीर त्या काळ्या चिपेवर कथलाचा थेंब टाकून दोन टोकं जोडतात आणि बल्ब पेटवून देतात. पेटतो, पण ज्या कारणाने ती चिप मेली ते कारण आतच राहतं. कारण बहुतेक वेळा एकच, चिपेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट काढलेला असतो आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर जायला वाट ठेवलेली नसते. वीस वॅटचा साधा पांढरा एलईडी घेतला तर त्यातले जेमतेम सात-आठ वॅट उजेड होऊन बाहेर पडतात. उरलेले बारा-तेरा वॅट नुसता ताप. एलईडी गार असतो, असं लोक म्हणतात. त्याचा उजेड गार असतो, तो स्वतः नव्हे.

रोपांसाठी दिवा हवा, असं घरात ठरलं तेव्हा मीही आधी विकतच आणला. ऑनलाइन मिळतो तो जांभळा. खोक्यावर १००० वॅट छापलेलं. दुकानात आणून वॅटमीटरवर लावला तर साठ-पासष्ट वॅटच्या पुढे काटा जाईना. फसवणूक म्हणावी तर तसं सरळही नाही; आतल्या प्रत्येक चिपची कमाल क्षमता दहा वॅट धरायची, शंभर चिपांची बेरीज करायची आणि तो आकडा खोक्यावर टाकायचा, ही या मालाची जुनी रीत आहे. खरा दोष वेगळा होता. उष्णता काढायला त्यात एक छोटा पंखा होता आणि तो आषाढातली ओली हवा दिवसभर ड्रायव्हरवर फुंकत होता. पाऊस संपायच्या आत पंखा गंजून अडकला, पाठोपाठ ड्रायव्हरचा कपॅसिटर फुगला. कोरड्या मुलखात बंद खोलीत ठेवण्यासाठी केलेली वस्तू ती. कोकणातल्या पडवीत तिचा निभाव लागणार कसा?

बायकोची तक्रार निराळीच होती. “अहो, या उजेडात रोपं काळी दिसतात. रोगट कुठलं नि बरं कुठलं, ओळखू कसं?” ती रोज ट्रे उचलून बाहेर न्यायची, बघायची, परत आत आणायची. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलेलं कळत नाही, पानामागची पांढरी माशी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१४ मध्ये ‘व्हेजी’ नावाची भाजी वाढवायची पेटी बसवली, त्यातल्या लाल-निळ्या एलईडींच्या जोडीला हिरवे एलईडीही दिले आहेत. ते मुख्यतः याचसाठी, की अंतराळवीरांना रोप रोपासारखं दिसावं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी त्यातलं लेट्यूस खाल्लंही. आमच्या पडवीतली अडचण तिकडेही होती तर.

मग जांभळा दिवा आला कुठून? हरितद्रव्य वेगळं काढून काचेच्या नळीत तपासलं तर ते निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं, हिरवा कमी. त्यावरून हिशेब झाला की हिरव्यावर वीज कशाला घालवायची. १९९० च्या दशकात नासासाठी अवकाशात रोपं वाढवण्याचे प्रयोग झाले तेही लाल-निळ्या एलईडींवर. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, कारण वजन आणि वीज दोन्ही मोजून वापरायची होती. पण अख्खं पान म्हणजे काचेतलं हरितद्रव्य नव्हे. टेक्सासच्या कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांची पानं घेऊन प्रत्येक रंगाच्या उजेडात ती किती काम करतात ते मोजलं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड पान कामाला लावतं, हिरवासुद्धा. थोडा कमी, पण वाया नक्कीच जात नाही.

आणि पांढरा एलईडी तरी काय असतो? आत निळी चिप, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. चिपेचा थोडा निळा उजेड तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा फॉस्फर हिरवा-पिवळा-लाल करतो, आणि सगळं मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ही निळी चिप बनवणं इतकं अवघड होतं की लाल एलईडीनंतर ती यायला तीस वर्षं गेली. तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या दुकानात खोकाभर पडलेल्या मेलेल्या बल्बांत निळाही होता आणि लालही होता. रोपासाठी वेगळा दिवा आणायची गरज नव्हती. हवा होता तो साधाच पांढरा, पुरेसा, आणि आमच्या पावसात टिकणारा.

‘पुरेसा’ म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर दिवा बनवणं आणि आकाशकंदील बनवणं यात फरक राहत नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याचं. रोपाचं माप वेगळं, पानाच्या जागेवर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते. ते मोजायचं यंत्र महाग. पण पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला साधारण सत्तरने भागलं की कामापुरतं उत्तर मिळतं. दहा हजार लक्स म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला सुमारे दीडशे मायक्रोमोल प्रकाशकण. बारा तास दिवा ठेवला तर दिवसाला साडेसहा मोल, वर पडवीतला नैसर्गिक उजेड थोडाफार. उन्हाळ्यातल्या लख्ख दिवशी उघड्यावर चाळीसच्या वर मोल पडतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण रोपाला तीन-चार आठवडे ताठ उभं राहायला एवढं पुरतं. त्याला पीक द्यायचं नाही, फक्त लहानपण निभवायचं आहे.

इथून उलटा हिशेब केला. प्रो-ट्रे साधारण ५४ सेंटीमीटर लांब, २८ रुंद. एवढ्या जागेवर दहा हजार लक्स पाडायला, इकडेतिकडे सांडणारा उजेड धरून, सुमारे वीस वॅट लागतात. एका ट्रेला वीस वॅटचं ऊन. चार फुटी ट्यूबची आतली पट्टी बाजारात सुटी मिळते, आणि दोन ट्रे लांबीला लांबी लावले की ती त्यांच्यावर बरोबर बसते. रॅकच्या एका कप्प्यात चार ट्रे, म्हणजे ऐंशी वॅट, म्हणजे चार पट्ट्या.

मी पाच लावल्या. पट्टीवर ९६ चिपा असतात, १२-१२ च्या आठ सरी. प्रत्येक चिप साठ मिलिअँपिअरची. तिला तेवढा पुरा करंट द्यायचा नाही, पंचावन्नच्या आतच ठेवायचा. चार पट्ट्यांचं काम पाच जणींत वाटून द्यायचं. वीज तेवढीच लागते, उजेड किंचित जास्तच मिळतो, कारण कमी करंटवर आणि कमी तापमानावर चिप जास्त चांगलं काम करते. बाजारचा दिवा हे करत नाही, करणारही नाही. त्याला एक पट्टी वाचली तर लाखो दिव्यांमागे पैसा वाचतो. मला एका पट्टीचा खर्च गेला आणि पुढची कित्येक वर्षं शिडी चढायचं वाचलं.

पट्टी नुसती पत्र्यावर टांगून भागत नाही. तिला पाठीशी ॲल्युमिनियम हवं. तयार हीटसिंक मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, चार फुटी हवं तर किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. पण खिडक्या बनवणारा स्लायडिंगवाला रत्नागिरीच्या रस्त्यावर जागोजाग आहे, आणि त्याच्याकडे सेक्शनचे तुकडे भंगारात पडलेले असतात, किलोवर मिळतात. खिडकीच्या खालच्या पट्टीला जे उभे कंगोरे असतात, ज्यात चाकं फिरतात, तेच हवेला उष्णता द्यायला कामी येतात. सेक्शन उलटा धरायचा, सपाट बाजू खाली, कंगोरे वर. थिनरने पुसायचा, कारण त्यावर वंगण आणि पॅकिंगचा गोंद असतो. थर्मल पेस्ट अगदी पातळ ओढायची. नव्या पोराला वाटतं जास्त लावली की जास्त गार. उलट आहे, पेस्ट फक्त दोन धातूंमधली बारीक फट भरायला असते. मग वीतभर अंतरावर पॉप रिव्हेट. रिव्हेट ओढताना पट्टी ताणून बसते आणि तिचा टक्क आवाज आला की समजायचं, पाठ टेकली.

सोल्डरिंगला हीच पट्टी छळते. पंचवीस वॅटचा आयर्न टेकवला की पाठचं ॲल्युमिनियम सगळी उष्णता ओढून घेतं, कथील वितळत नाही, नुसती खरबरीत गोळी होऊन बसते. वरून बघायला जोड दिसतो, बोटाने ढकलला की निघतो. साठ वॅटचा आयर्न हवा, आणि वायर जोडायची ती पट्टी सेक्शनवर रिव्हेट करायच्या आधी. एकदा पाठीला सेक्शन लागला की साठचाही निभाव लागत नाही. जोड चांगला झाला की कथील पाण्यासारखं पसरतं आणि चकाकतं. मल्टिमीटर डायोडवर ठेवून दोन टोकं चिपेला लावली की ती मिणमिणती पेटते. तेवढ्यावर प्लस-मायनस आणि मेलेली चिप दोन्ही कळतात. एखादं सुटं टोक शोधताना दुकानात सगळे दिवे बंद करून ९६ चिपांवरून मीटर फिरवत जाण्यात एक सुख आहे, ते ज्याला कळतं त्यालाच कळतं.

ड्रायव्हर हा या सगळ्यातला जीव. तो स्थिर करंट देणारा हवा. चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज उतरतो. व्होल्टेज स्थिर ठेवला तर ती जास्त करंट ओढते, आणखी तापते, आणखी ओढते, आणि हे चक्र काळ्या डागाशीच थांबतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्वस्त ट्यूबमधला ड्रायव्हर मेन लाइनपासून सुटा केलेला नसतो. पट्टीवरचं कथील म्हणजे जवळजवळ उघडी लाइनच. छताला लावलेल्या ट्यूबला ते चालून जातं, तिला कोणी हात लावत नाही. इथे पट्टीखाली ओली माती, पाण्याची झारी आणि बायकोचा ओला हात. म्हणून आयसोलेटेड ड्रायव्हर, आणि त्याचा आउटपुट पन्नास व्होल्टच्या आत. बाराच्या सरीला छत्तीस व्होल्ट लागतात, ते त्यात बसतं. ड्रायव्हर रॅकवर ठेवायचेच नाहीत. ते वर भिंतीवर, फळीवर, कोरड्यात. रॅकपर्यंत फक्त कमी व्होल्टेजची वायर येते, आणि तीही सॉकेटच्या खाली एक झोल घेऊन, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, आत शिरत नाही. गावात मीटरच्या वायरलाही जुने वायरमन असाच झोल देतात.

ओलाव्याचं सांगायला बसलो तर पान पुरणार नाही. आमच्याकडे जूनमध्ये पाण्याचा थेंब न लागताही तांबं हिरवं पडतं. दुरुस्तीला येणाऱ्या दिव्यांत जोड सिलिकॉनने छान बंद केलेले असतात आणि सिलिकॉन कापलं की आतली तार हिरवी, भुसभुशीत. ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, म्हणजे त्यातून आम्ल निघतं. ते काचेला, बेसिनला ठीक, तांब्याला घातक. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब थोडी महाग मिळते, तीच आणायची. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर “सगळी सारखीच हो” असं ऐकायला मिळतं. नळीचं झाकण काढून वास घ्यावा. जोडांवर पीसीबीचं लॅकर मारलं की काम झालं. चिपांवर मात्र काही नाही, ना सिलिकॉन ना लॅकर. पांढरं प्लास्टिकचं झाकणही मी ठेवत नाही. ते दहा-पंधरा टक्के उजेड खातं, आणि रोपांना डोळे दिपायची भीती नाही. पाणी वरून शिंपडत नाही, ट्रे खालच्या पसरट भांड्यात ठेवून खालूनच ओढून घेतलं जातं.

दिवा कधी लावायचा, हा प्रश्न पुस्तकात सोपा असतो. सोळा तास लावा, म्हणतात. पालीत पावसाळ्यात रात्री उघड्या पडवीत ऐंशी वॅटचा पांढरा दिवा लावून बघावा. वाळवीचे पंखवाले थवे, भुंगे, नाकतोडे, आणि त्यांच्या मागोमाग भिंतीवरच्या पाली. सकाळी ट्रेवर पंखांचा थर. त्यामुळे आमचा दिवा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, उजेड असतानाच. झेंडूला तेच मानवतं. आफ्रिकन झेंडू लहान दिवसाला लवकर कळ्या धरतो. रोपपणी सोळा तासांचा दिवस दाखवला तर पाला वाढतो आणि फूल लांबतं, आणि दसरा काही आपल्यासाठी थांबत नाही. वांगी-मिरचीला तास वाढवले तरी चालतात, पण किडे कोण झाडणार? लाईट जाते त्याचीही फार चिंता करू नये. पावसात तीन-चार तास वीज जाणं इथे बातमी नाही, आणि रोपं दिवसाची बेरीज करतात, तासाचा हिशेब मागत नाहीत. इन्व्हर्टरवर दिवा चालवायच्या भानगडीत मी पडलो नाही. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग काढून ठेवतो.

दिव्याने सगळं होतं असंही नाही. पहिल्यांदा रोपं आखूड आली, जाड देठाची, गडद पानांची, आणि तरी हात लावला की डुलत होती. वाऱ्यात वाढलेल्या रोपाचा देठ वाऱ्यामुळेच दणकट होतो. दुकानातला एक जुना टेबल फॅन रिवाइंड करून मंद गतीवर लावला, दिवसातून काही वेळ. कोकोपीटचा वरचा थर सुकायला लागला तशी बुरशीही हटली. उजेड आणि ओल एकत्र आली की कोकोपीटवर हिरवा शेवाळी पापुद्रा धरतो आणि त्यात बारीक काळी चिलटं होतात, तीही पंख्याने कमी झाली. शेवटचे चार-पाच दिवस ट्रे पडवीच्या बाहेरच्या कडेला सरकवायचे. श्रावणात ढग फाटून अचानक जे ऊन पडतं, त्यात दिव्याखालून थेट नेलेलं रोप पांढरं पडतं. आमच्या रोपांना घाटावरच्या रोपांसारखी उंची नसते, गिऱ्हाईक आधी नाक मुरडतं, “वहिनी, रोप लहान आहे.” लावल्यावर तेच उभं राहतं, हे ज्यांनी एकदा नेलं त्यांना सांगावं लागत नाही.

पैशाचं सरळ सांगतो. पट्ट्या, ड्रायव्हर, भंगाराचा सेक्शन, वायर, लॅकर धरून एका कप्प्याचा खर्च बाजारातल्या पाच साध्या चार फुटी ट्यूबांच्या वरच जातो. माझी मजुरी त्यात धरलेली नाही. धरली तर हा उद्योग तोट्याचा. वीज म्हणाल तर कप्प्याला दिवसाला एक युनिटच्या आसपास, आणि तीही वर्षातून अडीच-तीन महिनेच. म्हणजे पैसे वाचवायला कोणी स्वतः दिवा बनवू नये. पडवी कोरडी असेल, ट्यूबला ओला हात किंवा पाणी लागणार नाही अशी सोय असेल, तर साधी पांढरी वीस वॅटची ट्यूब विकत आणावी, रोपांच्या वर वीत-दीड वीत टांगावी. नव्वद टक्के काम होतं. उरलेलं दहा टक्के म्हणजे आमचा पाऊस, आणि त्याच्यासाठी मी हात काळे केले. आता काही बिघडलं तर दहा मिनिटांत ड्रायव्हर बदलतो; चिप गेली तर ती सर कळते, पट्टी कळते. जांभळ्या दिव्याचा सुटा भाग मागवायचा म्हटलं तर मागवायचा कुणाकडे, हेच ठाऊक नव्हतं.

दुकानासमोर एक पट्टी टांगून ठेवल्यापासून विचारणारे वाढले. गणपतीत चाकरमानी येतात, त्यांना डोंबिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये तुळस जगवायची असते. त्यांना सांगतो, “काका, दिवा नको, कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवा, तरी नाहीच जमलं तर वीस वॅटची एक ट्यूब.” तुळशीसाठी हौसेने जांभळा दिवा नेणारेही आहेत, त्यांना अडवत नाही. ड्रॅगन फ्रूटवाले विचारतात, कारण सोलापूर-सांगलीकडे बागांत रात्री बल्ब लावलेले त्यांनी पाहिलेले असतात. तो प्रकार वेगळा. तिथे बल्ब रोपाला खाऊ घालत नाही, रात्र मधेच तोडून रोपाला दिवस मोठा असल्याचं भासवतो, म्हणजे थंडीतही फूल धरतं. शेवंतीवाले हेच उलट कारणासाठी करतात, फूल लांबवायला. त्याला उजेड अगदी थोडा पुरतो, साधा बल्ब चालतो. माझी पट्टी तिथे लावणं म्हणजे वीज जाळणं.

आणि केशरवाले. मोबाइलवर बंद खोलीत केशर पिकवायचे व्हिडिओ बघून तरुण पोरं येतात, “भाऊ, शंभर पट्ट्यांचा रेट काय?” त्यांना मी बसवून चहा देतो. केशराचा कंद फुलतो तो आधीच्या हंगामात साठवलेल्या अन्नावर, माती-पाण्यावाचूनही फुलतो. व्हिडिओ तिथेच संपतो. पुढे त्या कंदाला नवे कंद धरायचे तर महिनोन् महिने भरपूर उजेड, माती आणि थंडी हवी, आणि ती थंडी पालीत विकत घ्यायची म्हणजे एसीचं बिल. शंभर पट्ट्यांची ऑर्डर नाकारताना जीवावर येतं, खोटं कशाला बोलू! पण पोरगं बापाची आंब्याची कलमं गहाण टाकायच्या गोष्टी करत असेल तर पट्टी विकवत नाही.

घरच्या रोपांसाठी दिवा बनवायचा असेल तर कुठल्याही वायरमनला जमेल, मुलांना शिकायलाही चांगला आहे. फक्त एक करा. पट्टी, सेक्शन, ड्रायव्हर काही आणायच्या आधी घराच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. जुन्या घरांत बहुधा नसतो, नुसता फ्यूज किंवा एमसीबी असतो, आणि ओल्या हाताला शॉक बसताना त्यातलं काहीच वेळेवर पडत नाही. अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी बसवून घ्या, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि पावसाळ्यात दर महिन्याला पुन्हा दाबा. मग दिवा बनवा.